ताज्या दिवसाचा संशय

वडूजहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे. गेल्या महिन्यात एका सकाळी तो आमच्या अडतीत आला, पायरीवरच थांबला आणि म्हणाला, “दिवाणजी, तुमचं ते ज्ञानू हवालदार गेलं.” मला ते खरं वाटलं नाही. दुःखाच्या भरात माणूस तसं म्हणतो, तसं नव्हे; मला खरोखरच शंका आली. कुणी सांगितलं, तू स्वतः पाहिलंस का, खटाव तालुक्यात घरटी एक माणूस फौजेत, ज्ञानू नावाचे हवालदार चार तरी असतील, त्यातला हा कोणता... मी त्याला उलटसुलट विचारत राहिलो. शेवटी तो वैतागला. मी मातीला जाऊन आलोय, म्हणाला, आणि उजवा कान अर्धा तुटलेला हवालदार आमच्या बाजूला एकच होता. तेव्हा माझे प्रश्न संपले. तो निघून गेल्यावर लक्षात आलं, की सांगणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या सांगण्याला चारी बाजूंनी टिचक्या मारून पाहायच्या, ही खोड मला हवालदारांचीच लागलेली आहे.

त्यांची-माझी गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या वर्षांत. मी तेव्हा सांगलीच्या हळदीच्या पेठेत तोलार होतो. पोतं उचलायचं, काट्यावर टाकायचं, वजन पुकारायचं, पुन्हा उचलून थप्पीला लावायचं, हा दिवसभराचा उद्योग. आमच्याकडे हळदीचा भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. त्यामुळे माणसाच्या चेहऱ्यावर विसंबायचं नाही एवढं शिक्षण मला आधीच मिळालेलं होतं. एके दिवशी दुपारी पेठेत सामसूम असताना खाकी अर्धी चड्डी घातलेला, चाळिशी ओलांडलेला एक माणूस बैलगाडी घेऊन आला. गाडीत लोखंडी चकत्या होत्या, मधे भोक पाडलेल्या. त्याला त्या तोलून हव्या होत्या. ओतकाम करणाऱ्याने प्रत्येकीवर वजन उठवलेलं होतं, पण त्याचा त्यावर भरवसा नव्हता. मी तोलून दिल्या. एकही चकती उठवलेल्या आकड्याला उतरली नाही. कुठे अच्छेर, म्हणजे अर्धा शेर, जास्त, कुठे पावशेर कमी. त्याचा चेहरा मात्र एकदम खुलला, आपण फसवले गेलो याचा आनंद झाल्यासारखा. मग त्याने मला विचारलं, की दिवसाला किती पोती उचलतोस, आणि आज उचलल्यावर उद्या कशी उचलतोस? पहिला प्रश्न कुणीही विचारतं. दुसरा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. आणि म्हणूनच मला त्या माणसाचा संशय आला.

त्या वेळी संशय येणं काही नवल नव्हतं. साताऱ्याच्या बाजूला गावोगाव भूमिगतांची माणसं वावरत होती आणि त्यांच्या मागावर पोलीस. फौजेतून मुदतीआधी परत आलेला माणूस, जो कधी वडूजला असतो, कधी साताऱ्याला, कधी माधवनगरला, आणि तरण्या पोरांना गोळा करतो, तो एकतर भरती करणारा असणार नाहीतर खबऱ्या. आमच्या अडतीचे मालक मला म्हणाले, त्या हवालदाराच्या सावलीला उभा राहू नकोस. फौज का सोडली असं विचारलं, की हवालदार गुडघ्यावर थाप मारत. पण गुडघा दुखणारा माणूस माधवनगरहून सांगलीला चालत येईल का? त्यांचा भाचा येसू खासगीत सांगायचा की मामाचं साहेबाशी वाजलं होतं. खरं काय ते मला आजही माहीत नाही. पुढे एकदा पोलीस येऊन त्यांना साताऱ्याला घेऊन गेले आणि काही दिवसांनी सोडून दिलं. हा खबऱ्या नव्हे, अशी तेव्हा तरी लोकांची खात्री पटावी की नाही? तर उलट लोक म्हणू लागले, नेलं ते नुसतं दाखवायला. एकदा चिकटलेल्या संशयाला बाहेर पडायला वाटच नसते. हवालदारांनी यावर कुणाकडेही एका शब्दाने खुलासा केला नाही.

तरी त्यांनी वजन उचलायला शिकवतो म्हटलं तेव्हा मी गेलो. माधवनगरला गिरणीच्या मागे सरकीची एक जुनी वखार होती, ती त्यांनी मागून घेतली होती. आत एक लांब पोलादी दांडा, त्या तोललेल्या चकत्या, लाकडी फळ्यांची भुई आणि भिंतीला टेकून ठेवलेला एक बाक. बाकी काही नाही. आमच्या तालमींत मारुतीची तसबीर, तांबडी माती, लिंबाचा वास आणि घुमणारे हुंकार असत. इथे शांतता. दांडा खांद्यापर्यंत आणायचा आणि तिथून सावकाश रेटून किंवा झटक्याने डोक्यावर न्यायचा, किंवा भुईवरून एका दमात थेट वर, असे ते तीन प्रकार. मला वाटलं होतं आपल्याला हे अवघड नाही. पोत्यापेक्षा लोखंड हाताला बरं. पण पहिले कित्येक दिवस हवालदारांनी मला मोकळ्या दांड्याशिवाय काही दिलं नाही. आणि आठवड्यातून तीनच वार. मी म्हणालो, तालमीत रोज जोर-बैठका मारतात, पैलवान एक दिवस चुकला तर वस्ताद त्याला उभा करत नाही. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते त्यांचं सगळं शास्त्र म्हणायला हरकत नाही. “हे बघ सदा, वजन, मोजणी आन् वार. किती जड, किती येळा आन् आठवड्यात किती दिस. तिघं एकमेकाचं सोयरं हायती, पर तिघांस्नी एका पंगतीला बसवायचं न्हाई. एक वाढलं, की दुसरं कमी झालं पायजे.”

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. सोमवारी वजन जड असेल तर ते थोड्याच वेळा उचलायचं. बुधवारी हलकं वजन, पण पुष्कळदा. शुक्रवारी मधलं काहीतरी, जे ते आम्हाला बघून ठरवायचे. तीन आठवडे चढत गेलं की चौथा आठवडा उतरता, मग तुम्हाला कितीही जोर आलेला असो. येसू गिरणीत नळ्या भरण्याच्या खात्यात होता, त्याचं दिवसाचं काम हलकं. माझं तसं नव्हतं. शिमग्याच्या सुमाराला हळदीचा हंगाम भरात आला, की हवालदार माझ्या दांड्यावरच्या चकत्या उतरवायला लागायचे. “पेठंतली पोतीबी वजनच हाय,” म्हणायचे, “तुझ्या पाठीला काय ठावं ती हळद हाय का लोखंड.” येसूच्या चकत्या मात्र तेव्हाही चढत असायच्या. मी ते बघत होतो.

संशय हे त्यांचं मुख्य हत्यार होतं. आल्या आल्या ते विचारायचे, काल काय खाल्लं, झोप कशी झाली; आणि उत्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. ते रेशनचे दिवस होते. सगळेच जण पोटभर जेवल्याचं खोटं सांगत. मग ते पोटऱ्या दाबून बघत, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघत, भरलेला तांब्या हातात देऊन हात समोर ताठ धरायला लावत आणि पाण्याकडे टक लावून बसत. एखाद्या दिवशी अंगात उत्साह मावत नसे, दांडा काडीसारखा वाटे, आणि आपण म्हणावं की हवालदार, आज आणखी एक चकती चढवा, तर त्यांच्या कपाळाला आठी पडे. कुणी आज कंटाळा आलाय म्हटलं तर ते निर्धास्त असत. ताजातवाना माणूस दिसला की मात्र ते सावध होत. असं का, ते मला येसूने सांगितलं. हवालदारांच्या धाकट्या भावाला, म्हणजे येसूच्या धाकट्या मामाला, गावच्या तालमीतल्या वस्तादाने जत्रेत दगडी गोटी, म्हणजे मोठा वाटोळा धोंडा, उचलायला उभं करायचं ठरवलं होतं. रोज उचलायची, रोज जास्त जड, रोज जास्त वेळा. जत्रेच्या दिवशी तो सकाळपासून इतका खुशीत होता की गल्लीतून पळत गेला. गोटी खांद्यावर आली, आणि पाठीत काहीतरी तुटलं. माणूस जगला, पण परत सरळ उभा राहिला नाही. आता हवालदार गेल्यावर मी दहाव्याला त्यांच्या गावी गेलो, तेव्हा या भावाला पाहिलं. ओसरीवर कमरेत मोडल्यासारखे बसले होते. ते म्हणाले, “त्या दिशी मला कायबी दुखत नव्हतं बगा.” बस, एवढंच.

आता साताऱ्याचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही.

त्या वर्षी शिमगा झाल्यावर साताऱ्याला वजन उचलण्याच्या स्पर्धा ठरल्या. जो पहिला येईल तो मुंबईला इलाख्याच्या स्पर्धेला जाणार होता. मी आणि येसू अंगवजनाने एकाच गटात. मुंबई मी पाहिलेली नव्हती, हे तर होतंच. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की जन्मभर मी जे उचललं होतं ते दुसऱ्याच्या मालाखातर, आणि चार लोकांनी उभं राहून आपल्या उचलण्याकडे बघावं असं प्रथमच घडणार होतं. माझ्या वडिलांनी शेतातली कामं टाकून साताऱ्याला यायचं कबूल केलं होतं. शेवटच्या पंधरवड्यात हवालदारांनी माझं वजन निम्म्यावर आणलं. येसूचं आठवडाभर तसंच ठेवून मग थोडं कमी केलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, तुझ्यामागं पेठ हाय, त्याच्यामागं न्हाई. हिशेब बरोबर होता. पण बरोबर हिशेबाआड काय काय लपवता येतं हे पेठेत वाढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. मी रात्री पडल्या पडल्या विचार करायचो, की येसू त्यांच्या बहिणीचा मुलगा आहे... त्या बहिणीने त्यांना लहानपणी कडेवर वागवलेलं आहे...

स्पर्धेच्या दिवशी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या मैदानात मांडव घातलेला होता. विश्रांतीचा परिणाम म्हणा, काही म्हणा, मी त्या दिवशी जितका ताजा होतो तितका आयुष्यात कधी नव्हतो. पहिल्या दोन प्रकारांत मी येसूच्या बरोबरीला राहिलो. शेवटच्या प्रकारात, खांद्यावरून झटक्याने वर न्यायच्या, तीन उचली मिळतात. दुसरी उचल मी पार पाडली तेव्हा वडील पुढच्या रांगेत उभे राहिलेले मला दिसले. तिसऱ्या उचलीसाठी मी पंचांच्या टेबलाशी जाऊन येसूपेक्षा जास्त वजन सांगून आलो आणि बाजूला हाताला खडू लावत बसलो. तेवढ्यात मी पाहिलं, की हवालदार सावकाश चालत टेबलाकडे गेले, वाकून काहीतरी बोलले आणि तसेच परत आले. कर्ण्यावरून माझं नाव पुकारलं गेलं आणि वजनही पुकारलं गेलं. ते मी सांगितलेलं नव्हतं. येसूच्या वजनापेक्षा ते कमी होतं.

तिथे सगळ्यांसमोर काय बोलणार? वस्ताद बोलेल ते खरं, ही आपली रीत. मी गेलो आणि दांडा उचलला. तो इतक्या सहज वर गेला की मांडवातले काही लोक हसले. एवढी ताकद आणि एवढंसंच वजन, अशा अर्थाचं कुणीतरी काहीतरी म्हणालं. येसूने आपलं वजन वर नेलं; तो पहिला आला, मी दुसरा.  वडील संध्याकाळच्या मोटारीने गावी परतले. परतीच्या वाटेत हवालदार माझ्या शेजारी बसले होते.  कऱ्हाड आलं तेव्हा ते म्हणाले, “उद्या आराम कर.” मी दुसऱ्या दिवशी पेठेत गेलो आणि नेहमीसारखी पोती उचलली. वखारीत मात्र पुन्हा गेलो नाही.

येसू मुंबईला जाऊन आला. तिथे त्याचा काही निभाव लागला नाही असं कळलं. मी मुंबईला गेलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला. लोक माझ्याशी दोन तऱ्हांनी बोलायचे. कुणी म्हणायचे, रक्त रक्ताकडे ओढतं. कुणी म्हणायचे, त्याने तुझी पाठ वाचवली. दोन्ही ऐकून मला सारखाच राग येई, कारण दोघांकडेही पुरावा नव्हता. लढाई संपली, स्वराज्य आलं, मी तोलारीतून अडतीच्या गादीवर आलो. माधवनगरच्या बाजूला काम निघालं तरी मी गिरणीमागच्या रस्त्याने जात नसे. येसूही गिरणीतला माणूस. सांगलीच्या बाजारात समोर आला तर आम्ही एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करत असू.

या वर्षाच्या सुरुवातीला आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायला मी मिरजेला गेलो होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात, ऊन येत होतं तिथे बाकावर हवालदार बसले होते. मी प्रथम ओळखलंच नाही. छातीचं दुखणं होतं. खांदे उतरलेले, सदरा हँगरला अडकवल्यासारखा. त्यांनी मात्र मला लगेच ओळखलं आणि पाहिलं ते थेट माझ्या पोटऱ्यांकडे. आता पोती उचलत न्हाईस जणू, म्हणाले. मग डॉक्टरांविषयी तक्रार सुरू झाली. औषधाची मात्रा किती, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं; मात्रा वाढवली तर वेळा कमी का करत नाही, असंही विचारलं होतं. डॉक्टर हसले होते, त्यामुळे त्यांचा डॉक्टरांवरचा विश्वास आणखीच उडाला होता. ऐकून मलाही हसू आलं. आणि बहुधा हसू आल्यामुळेच, इतक्या वर्षांनी तो प्रश्न माझ्या तोंडून सुटला. मी म्हणालो, “हवालदार, साताऱ्याला माझं वजन का उतरवलंत?”

 मला वाटलं, ते उत्तर टाळणार. पण ते म्हणाले, “दुसऱ्या उचलीला तुझं डावं कोपार उशिरा सरळ झालं, म्हंजे अंग आतनं थकलेलं हुतं. तुला कळलं न्हाई, पंचांस्नी कळलं न्हाई. मी बघितलं. हे खरं हाय.” मी म्हणालो, बरं. त्यांनी हात वर केला. बोलणं संपलेलं नव्हतं. “आन् येसा माझ्या भनीचा पोरगा, हेबी खरंच हाय. टेबलाकडं चालत जाताना दोन्ही माझ्या मनात हुतं. आदी कुठलं आलं, ते मला ठावं न्हाई सदा. लय येळा इचार केला. न्हाई कळत.”

 ते स्वतःशीच बोलल्यासारखं पुढे म्हणाले, की माणसाचं मन दुसऱ्याला फसवायच्या आधी त्याच्या मालकाला फसवतं. मी तुझं खाणं, तुझी झोप, तुझ्या पोटऱ्या, समदं तपासत हुतो. माझं कोण तपासणार हुतं? तेवढ्यात आईला खोलीतून बाहेर आणल्याचं सांगायला नर्स आली आणि मी उठलो. मी परत आलो तेव्हा बाक रिकामा होता. त्यानंतर त्यांना गावी नेलं, आणि पुढचं त्या ड्रायव्हरने सांगितलं.

लोक मला विचारतात, आता तरी तुझं समाधान झालं का? नाही झालं. त्यांनी नुसतं कोपराचं सांगितलं असतं तर मी ते खोटं धरून चाललो असतो. नुसतं भाच्याचं सांगितलं असतं तर मला विजय झाल्यासारखं वाटलं असतं. त्यांनी दोन्ही सांगितलं आणि मला कुठल्याच काठाला लागू दिलं नाही. कधी कधी वाटतं, हेही त्यांनी मोजूनमापून केलं असेल. एका बाजूला जास्त भार पडू नये म्हणून. पण एवढं मात्र खरं, की माझ्या ओळखीत दुसऱ्यावर संशय घेणारी माणसं शेकड्यांनी आहेत. स्वतःवर त्याच कडकपणे संशय घेणारा मी हा एकच पाहिला.

दहाव्यानंतर येसू पेठेत आला. आमचं बोलणं जुळायला थोडा वेळ लागला. गिरणीतली पोरं वखारीत यायला लागली आहेत, वखार मामांच्या माघारी बंद करू नये असं त्याच्या मनात होतं. मग तो जरा अडखळत म्हणाला, “मामा जाताना बोललं, वार आन् मोजणी तू ठरीव, वजन सदाला ठरवू दे. एकट्याच्या हातात ठिवू नगा.” मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. हे मामा बोलले, की मला परत आणायला येसूने रचलं? विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. हवालदारांना हे शोभण्यासारखं होतं, त्यांचा आम्हा दोघांवरही पुरता भरवसा नव्हता, एवढं मला पुरलं.

गेल्या सोमवारी मी वखारीत गेलो. फळ्यांची भुई नवी केलेली आहे, बाक तोच. पोरं यायची होती. येसू आता पस्तिशीच्या पुढे गेला, पोट थोडं सुटलंय, पण दांडा धरण्याची ढब तशीच आहे. मोजणी त्याने सांगितली, वजन मी सांगितलं. त्याला ते कमी वाटलं. त्याने तसं बोलूनही दाखवलं. मी म्हणालो, एवढंच. त्याने दांडा खांद्यावर घेतला, वर नेला, आणि मी बाकावर बसून त्याच्या कोपरांकडे बघत राहिलो. खाली ठेवून त्याने विचारलं, काय दिसलं? मी म्हणालो, अजून काही नाही, पुन्हा कर. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. त्या बघण्यात भरवसा नव्हता. मग तो वाकला आणि त्याने दांडा पुन्हा उचलला.